चौकटीत बसवलेला फोटो

पुरुषोत्तमनगर, ता. शहादा
८ जानेवारी २०१९

कामिनी,

फोनवर बोलायला गेलो की आमच्या घरात भिंतींनाही कान फुटतात, म्हणून मेल लिहितोय. मेल कसला, पत्रच समज. तुझी मावशी तर मी नुसता कागद घेऊन बसलो तरी विचारते, कोणाला लिहितोस म्हणून.

समाजाच्या वधू-वर वेबसाइटचं काम मंडळाने माझ्या गळ्यात मारलं आणि मी ते तुझ्या गळ्यात मारलं, हे तर झालंच. फोटोंची काय कथा सांगू! कोणी आख्ख्या घरादारासकट फोटो पाठवतो, कोणी ट्रॅक्टरवर बसलेला. एकाचा फोटो एवढा आडवा, की पान उघडलं की तो नवरदेव शेजारच्या मुलींवर पसरतो. बोट लावून फोटो मोठा करायची सोय मंडळाने बंद करायला लावली, मुलींचे फोटो भलतीकडे फिरतात म्हणून. ते बरंच झालं, पण मग जो काही दिसतो तो चौकटीत नीट तरी दिसायला हवा. त्याचं काहीतरी कर.

आता खरं कारण. सोबत आपल्या स्वप्नालीचा फोटो आहे. तिला यंदा अठ्ठावीस पूर्ण होतील. शहाद्याच्या शाळेत गणित शिकवते, मुलं तिच्यावर जीव टाकतात, पण लहानपणी कडब्याच्या कुट्टी मशीनमध्ये गेलेली डाव्या हाताची बोटं जिथे तिथे तिच्या आधी जाऊन पोचतात. मध्यस्थ बायका प्रत्येक घरी तिखटमीठ लावून सांगत आल्या. आमचे आबा वैतागले. आणि आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, बापाने पोरीचं व्यंग स्वतःच्या तोंडाने काढायचं नाही. काढलं की तिला आपणच खाली पाडलं असं होतं. म्हणून आबांनीच तोड काढली. दोन्ही हात समोर धरून उभा फोटो काढायचा आणि वेबसाइटवर टाकायचा. ज्याला चालेल तो फोन करील, ज्याला नाही तो करणार नाही. सांगायला नको, विचारायला नको. स्वप्नालीला हे इतकं पटलं, की हात मागे घ्या म्हणणाऱ्या फोटोग्राफरवर ती चांगली डाफरली.

तेव्हा फोटो नीट लाव.

तुझा दादा,
हेमकांत


पुणे
११ जानेवारी २०१९

हेमकांतदादा,

तुझा तो आडवा नवरदेव आवरला. आता शेजारणींना धोका नाही.

काय केलं ते सांगते, म्हणजे मंडळात भाव खाता येईल. फोटो पानावर पूर्ण उतरला की त्याची लांबी-रुंदी मोजायची आणि तो चौकटीत बसवायचा, एवढं काम करणारी जावास्क्रिप्ट लिहिली. डोकेदुखी वेगळीच असते. लोक वेबसाइट बघतात ती आपापल्या ब्राउझरमधून, आणि प्रत्येक ब्राउझर म्हणजे वेगळ्या घरातून आलेली सून. एकीला सांगितलेलं दुसरीला कळत नाही. नव्यांना एका ओळीत समजतं, जुन्यांचा हात धरून करून घ्यावं लागतं. मी दोघांचीही सोय लावली आहे. आता कोणी चपटा दिसत नाही, कोणी लांबुडका दिसत नाही, चेहरा मधोमध.

स्वप्नाली किती गोड दिसतेय! माझ्या सगळ्या ब्राउझरमध्ये बघितलं, मस्त बसलाय फोटो. तू आबांच्या त्या पुरातन फोनवर बघून घे. तो चालला की जग जिंकलं.

कामिनी


पुरुषोत्तमनगर
२ फेब्रुवारी २०१९

कामिनी,

जग जिंकलं म्हण.

माझा तर बटणांचा फोन, त्यामुळे मी साखर कारखान्यातल्या ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर बघितलं आणि मग आबांच्या फोनवर. दोन्हीकडे स्वप्नाली डोक्यापासून चपलांपर्यंत उभी, हात स्पष्ट. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या राहतात, पण राहू देत. आबा दिवसातून चारदा उघडून बघतात आणि चष्मा पुसतात.

आता ऐक. सुरतेहून फोन आला. मूळचे आपल्याच तापीकाठचे, पण वडिलांच्या वेळेपासून तिकडेच. मुलगा कुंदन, कापडाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. त्याची आई शोभाबाई बोलल्या. मी न राहवून विचारलं, फोटो नीट बघितला ना? त्या म्हणाल्या, "आम्ही मोठा मोबाइलवर दखा भाऊ, नीट दखा. आमले काई अडचन नही." मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मला हुंदकाच आला गं. फोन ठेवून मी थेट उसाच्या गाड्या उभ्या असतात तिकडे निघून गेलो.

त्यानंतर कुंदनने स्वप्नालीला फोन केला. तिने पहिल्याच बोलण्यात विचारलं म्हणे, फोटो बघून फोन केलात ना? तो म्हणाला, फोटोमा जशी शे तशीच मले पसंत शे. आता रोज बोलतात. शाळेतून आली की ती गच्चीवर जाते आणि माय खालून हसते.

२४ तारखेच्या रविवारी ते येतायत. आपल्यात पसंती आधी कळवली असली की नुसतं बघायला कोणी येत नाही, चार माणसं घेऊन येतात आणि त्याच दिवशी लग्न पक्कं करून, गूळ-खोबरं वाटून मोकळे होतात. तू येशील का?

हेमकांत


पुणे
४ फेब्रुवारी २०१९

दादा,

वाचून ऑफिसमध्ये एकटीच हसत बसले. बाजूच्याने विचारलं, पगारवाढ झाली का?

मला त्या आठवड्यात सुट्टी मिळत नाही. नंदुरबारहून आई येईल. तिच्यासोबत स्वप्नालीसाठी मोरपंखी साडी पाठवतेय, तीच नेसायला सांग. आणि त्या कुंदनला सांग, आमच्या बहिणीला गणितात हरवायला जाऊ नकोस.

कामिनी


पुरुषोत्तमनगर
२६ फेब्रुवारी २०१९

कामिनी,

नंदुरबारच्या मावशीने तुला सांगितलंच असेल. तरी मी लिहितो, कारण मला तुला एक गोष्ट विचारायची आहे.

दोन गाड्या भरून माणसं आली. अंगणात मांडव टाकला होता. बोलणी छान चालली होती, शोभाबाई मायच्या हातात हात घालून बसल्या होत्या. स्वप्नाली चहाचा ट्रे घेऊन आली. तुझीच साडी होती. शोभाबाईंनी कप उचलला आणि तो तसाच हातात राहिला.

"हाई काय शे?"

मग आबाच म्हणाले, "फोटोमा दखाडेल शे ना."

"कोठे दखाडेल शे? तुम्हीच दखा!" म्हणून त्यांनी मोबाइल काढला. आबांनी आपला काढला. दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले, कामिनी. आबांच्या फोनवर स्वप्नाली पूर्ण. त्यांच्या फोनवर स्वप्नाली पोटाच्या वर संपलेली. तोच फोटो, तेच पान, तेच नाव. हात नाहीच.

"तुमना फोनमा एक नि आमना फोनमा एक? आमले येडं समजतस का?" त्यांच्यातला एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, वेबसाइट कोण चालवतं? तिचा भाऊच ना? मग काय विचारता!

आबा उभे राहिले. "मन्ही पोरगीना हात मी दपाडेल नही," हात लपवला नाही, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ज्या माणसाने आयुष्यात वजन वाढवायला कापसात पाणी मारलं नाही, त्याला लबाड म्हणून ते लोक आमच्याच अंगणातून निघून गेले. कुंदन शेवटी उठला. वाईट मुलगा नाही तो. स्वप्नालीजवळ येऊन म्हणाला, "तू तरी सांगायला पायजे व्हतं." तिला वाटत होतं, तिने पहिल्याच दिवशी सांगितलंय.

मला एवढंच सांग. एक फोटो दोन फोनवर दोन तऱ्हेचा कसा दिसतो? मला कळलं तर मी आबांना सांगीन. दोन दिवस ते जेवलेले नाहीत.

हेमकांत


पुणे
२७ फेब्रुवारी २०१९

दादा,

चूक माझी आहे. सरळ सांगते.

चौकट चौरस, फोटो उभा. नव्या ब्राउझरला मी सांगितलं होतं, चौकट पूर्ण भर, वरून चेहरा धर आणि खाली उरेल ते काप. ही सूचना जुन्या ब्राउझरला समजतच नाही, त्यात फोटो चपटा होतो. म्हणून जुन्यासाठी जावास्क्रिप्टने फोटो मोजून तो आख्खा लहान करून आत बसवला. आबांचा फोन जुना, तुझ्या ऑफिसचा कॉम्प्युटर जुना. तुम्हाला आख्खी स्वप्नाली दिसली. सुरतेच्या नव्या फोनला कापलेली दिसली. तू पांढऱ्या पट्ट्या म्हणालास तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. मी लिहिलं, मस्त बसलाय. मी फक्त चेहरा बघितला दादा. तू हाताबद्दल एवढं लिहिलं होतंस आणि मी चेहरा मधोमध आला म्हणून खूश झाले.

आज सकाळीच सगळं दुरुस्त केलं. आता कुठल्याही फोनवर, कुठल्याही ब्राउझरमध्ये आख्खाच फोटो दिसतो. मी सगळीकडे तपासलं. मंडळालाही सविस्तर पत्र पाठवतेय, चूक माझी, हेमकांतदादाचा संबंध नाही म्हणून. सुरतेला मी स्वतः फोन करू का? स्वप्नाली माझा फोन उचलत नाही.

कामिनी


पुरुषोत्तमनगर
१९ मार्च २०१९

कामिनी,

परवा रविवारी शहाद्याला मंडळाची बैठक झाली. सुरतेकडच्यांनी तक्रार केली होती. सेक्रेटरी इंद्रसिंगभाऊंनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. ब्राउझर शब्द आला की मागचे लोक हसायचे. "मी वेगवेगळ्या ब्राउझरसाठी वेगवेगळी व्यवस्था केली होती" या वाक्यावर ते थांबले आणि म्हणाले, झालं की मग, पोरीने कबूलच केलंय. आणि ही पोरगी कोण? हेमकांतची मावसबहीण.

मी म्हटलं, मी दाखवतो. आबांचा फोन मुद्दाम नेला होता. इंद्रसिंगभाऊंचा नवा फोन मागून घेतला, दोन्ही शेजारी ठेवले आणि पान उघडलं.

दोन्हीकडे आख्खी स्वप्नाली. हातासकट.

तू दुरुस्त केलंस ना. तू सांगितलंही होतंस, मीच वाचलं होतं. तरी तिथे उभा राहेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही, की आता दाखवायला काही उरलेलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "धराईग्यात तवय हात लाई दिना." पकडले गेले तेव्हा हात लावून दिला, म्हणजे. सगळे हसले. आबाही होते बैठकीत.

वेबसाइट माझ्याकडून काढून घेतली. तांत्रिक काम तुझ्याकडेच राहू दे म्हणाले, फुकट दुसरं कोण करणार! सुरतेला फोन करू नकोस. तिथे आता तुझं नाव ऐकूनच फोन ठेवतील.

तुझ्यावर राग नाही, असं लिहायला बसलो होतो. पण आहे गं. थोडे दिवस लिहू नकोस.

हेमकांत


शहादा
३० एप्रिल २०१९

कामिनी,

शाळेच्या कॉम्प्युटरवरून लिहितेय. दादाला माहीत नाही. सुट्ट्या लागल्यात, वर्गात पंखा आहे आणि कोणी नाही, म्हणून बरं.

तू खूप फोन केलेस. मी उचलले नाहीत, कारण तू रडली असतीस आणि मला तुलाच समजावत बसावं लागलं असतं. तेवढं बळ नव्हतं.

एक सांगते. वेबसाइटवरचा तो फोटो मी कधी उघडूनच बघितला नव्हता. मांडून ठेवलेली आपण, आपल्यालाच कशी बघणार? मी आपली फोनवर बोलत होते. तुला खरं सांगू, त्या दिवसांत मी गणित शिकवताना फळ्यावर डाव्या हाताने डस्टर फिरवायला लागले होते. आधी तो हात मी टेबलाखाली ठेवायचे. हात बघून हो म्हणणारा एक माणूस जगात आहे, असं मला वाटत होतं. तो माणूस मला सोडून गेला असता तर मी रडले असते आणि उठले असते. पण तो नव्हताच कधी. गेलेल्याचं दुःख करता येतं, कामिनी. नसलेल्याचं काय करू?

आता काम. तू फोटो आख्खा केल्यापासून एकही फोन आलेला नाही. सुरतेची गोष्ट सगळ्या समाजात झाली म्हणून असेल, नाहीतर हात बघून असेल. दोन्ही एकच. काल आबा माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "बेटा, त्या कामिनीले सांग, तो पहिला फोटो लाई दे. कापेल व्हता ना, तोच."

मी म्हटलं, आबा, तुम्ही सांगता? ते म्हणाले, "लबाड तर म्हनीच टाकं लोकेसनी. आते खरं वागीसन काय करू?"

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. तो फोटो काप. मी सांगतेय म्हणून काप.

स्वप्नाली


पुणे
२ मे २०१९

स्वप्नाली,

दोन दिवस तुझं पत्र घेऊन बसले. नाही म्हणून लिहिलं, पुसलं. तुला नाही म्हणायचा अधिकार मी कुठल्या तोंडाने सांगू?

कापला. आता चौकटीतून नाही, मूळ फोटोच कापला, म्हणजे कुठल्या फोनवर काय दिसतं हा प्रश्नच नको. फक्त एक करता येईल. आबांच्या फोनचा ब्राउझर मला ओळखता येतो. तेवढ्या एका फोनवर आख्खा फोटो राहू देते, त्यांनी उघडला तर त्यांना तू पूर्ण दिसशील. बाकी कोणाला कळणार नाही. करू का?

मला तुझ्या पाया पडावंसं वाटतं. तू म्हणशील, मोठी बहीण असून हे काय. पण वाटतं.

कामिनी


शहादा
९ मे २०१९

कामिनी,

नको. आबांनी फोन उघडून बघितला आणि म्हणाले, बरं झालं. त्यांना तसाच दिसू दे.

नवापूरकडून फोन आला. फोटो लावून आठवडासुद्धा झाला नाही बघ. मुलाचा मोटार दुरुस्तीचा धंदा आहे, सुरतेची गोष्ट त्यांच्या कानावर नाही. नीट बघितलं का, वगैरे या वेळी कोणी विचारलं नाही. ते रविवारी येतील, घरचीच माणसं.

घरात सगळं ठरलंय. चहा काजलवहिनी नेईल. मी आधीच येऊन पाटावर बसायचं आणि उठायचं नाही. पाया पडायचं ते बसल्या जागेवरून, उजव्या हाताने. दादा त्या दिवशी ड्यूटी लावून घेणार आहे, त्याला बघवणार नाही म्हणतो. लग्नानंतर काय, असं मी मायला विचारलं, तर ती म्हणाली, एकदा गूळ-खोबरं वाटलं की मग पुढचं पुढे बघू.

तुझी मोरपंखी साडी नेसायची नाही, तिचा पदर अंगावर ठरत नाही. मायने तिची जाड काठाची काढून दिली आहे. रोज संध्याकाळी ती मला आरशासमोर बसवते आणि डाव्या बाजूला पदर असा घ्यायला लावते, की हात त्याच्या आत मावला पाहिजे आणि मुद्दाम घेतला असं वाटता कामा नये. सुरुवातीला घसरायचा. आता छान जमायला लागलंय.

स्वप्नाली